सकाळी आठचं पाणी

बायको गेल्यावर खाडीचं पाणी तपासायचं काम मी आपणहून घेतलं. नदीकाठच्या तीन गावांनी मिळून समिती केली होती. आमच्या खालच्या गावाने सलग तीन वर्षं पाण्याच्या खारटपणाची रोज नोंद दाखवायची, मग मासे अंडी घालतात त्या दोन महिन्यांत वरचं गाव धरणातून पाणी सोडणार, असं ठरलं होतं. अडीच वर्षं तिने भरली, उरलेले सहा महिने मी. तिचं अक्षर बघवत नव्हतं, म्हणून नवी वही घेतली.

बैठक शाळेच्या वर्गात होती. धरणावरचा इंजिनियर लहान बाकावर अवघडून बसला होता. त्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

"काका, हे सगळं सकाळी आठचं?"

"हो. ताप होता तरी गेलो. एक दिवस चुकला नाही."

"काकूंचं बघा. एक दिवस सहा, दुसऱ्या दिवशी पावणेसात, मग साडेसात."

आमच्या गावचे तात्या जन्मभर मासेमारी केलेले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, ती ओहोटी बघून जायची. तू भरती असो की ओहोटी, घड्याळ बघून गेलास. निम्मे दिवस तर समुद्रच मोजून आलास की."

तीस वर्षं संसार केला. मी बर्फाच्या कारखान्यात दिवसपाळीला. ती घरातून कधी निघते, हे मला ठाऊक नव्हतं.

"मला पटतंय, काका," इंजिनियर म्हणाला. "पण आमचे लोक म्हणतील, खालच्यांनी मनाचे आकडे लिहिले. नोंद सलग हवी, हा नियम तिन्ही गावांचा आहे. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"तीन वर्षं?" तात्या म्हणाले. "माशांना पत्र पाठवा, तोवर दम धरा म्हणून."

मागे कुणीतरी हसलं. मधल्या गावच्या बाईंनी ठराव लिहून घेतला. मी सही केली.

बाहेर आल्यावर मी तात्यांना विचारलं, "आज ओहोटी कधी?"

"साडेचारला. आता कशाला जातोस?"

तरी गेलो. पाणी पार उतरलं होतं. बोट बुडवून जिभेला लावलं. ओहोटी असूनही मिठासारखं. चिखलात माशांची बोटाएवढी पिल्लं मरून पडली होती.

हे ती रोज बघत होती. घरी येऊन मला सांगतही असणार. मी जेवत असायचो.