वळण लागलं

"रडून राहिली ना, तवर माही यामिनी बरी समज. चूप बसली की तिच्यापाशी जाजो, बेटा."

नात पाहून गोंदियाला परतताना यामिनीची आई दारात थांबून हे म्हणाली, तेव्हा अनुश्रीने "हव काकू, हव" करत त्यांची पिशवी रिक्षात ठेवली. धाकट्या जावेचे फाजील लाड, दुसरं काय, असं तिला वाटलं.

हिंदी मुलखातल्या शंकर नगरच्या त्या घरात यामिनी बाजेवर होती. खाली शेगडी, खिडकी बंद, सव्वा महिना बाहेर पाऊल नाही. ती रडायची. उकडतं म्हणून, तहान लागली म्हणून, बाळ दूध ओढत नाही म्हणून. सासूबाई गोदावरीबाई काही दुष्ट नव्हत्या, डिंकाचे लाडू स्वतः वळायच्या. पण म्हणायच्या, "जगात तूच बाळंत झाली काय वो? अनुश्रीले पाह. त्याच खोलीत होती, एक शब्द बाहेर आला नाही."

आला नाही, कारण अनुश्रीने उशीचा कोपरा दातांत धरला होता. तरी ते कौतुक तिला गोड लागायचं.

मग यामिनीचं रडणं थांबलं. पाणीही मागेना. बारशाला बसवलं तिथे बसली. "वळण लागलं बाई पोरीले," बायका म्हणाल्या. पाळण्याची दोरी अनुश्रीच्या हातात होती. बाळ भुकेने लालबुंद झालेलं, यामिनीच्या पदरावर दुधाचा डाग पसरत चाललेला, आणि ती भिंतीकडे पाहत होती.

"आई, हिले डॉक्टरकडे नेते. समता कॉलनीत एक बाई आहेत," अनुश्री सासूबाईंना म्हणाली.

"कायच्या डॉक्टर? डोक्याच्या? उद्या या पोट्टीच्या सोयरिकीत लोक विचारतील, मायले काय झालं होतं. सांगशील तू?"

डॉक्टरचं तिथेच राहिलं. सव्वा महिना सरला आणि दीर, विहंग, बायको-मुलीला डोंगरगढला रेल्वे क्वार्टरवर घेऊन गेला. तो ड्यूटीवर, घरात या दोघी. फोनवर यामिनीचं एकच, "बरं आहे वहिनी." मागे बाळाचा टाहो.

"बाळ काहून रडून राहिलं गं?"

"कोणाचं?"

अनुश्रीने फोन ठेवला. तिने लगेच विहंगला फोन लावला. "भाभी, टेंशन मत लो. एकदम शांत है अब. आप आओगी तो मम्मी को बुरा लगेगा." नवरा म्हणाला, "पहले माँ से पूछ लो." शेवटी गोंदियाला लावला. यामिनीच्या आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले झोप नाही, बेटा. पण जावयानं बोलावल्याबिगर कशी जाऊ? पोरीनं चुगली केली वाटन. तिलेच बोल बसन."

तरी अनुश्रीने स्वतःच्या लेकराची बॅग भरली. गोदावरीबाई दारात आल्या. "जाय ना. मी काहून अडवू? फक्त माह्या विहंगचा संसार मोडला, तर या घरात परत तोंड दाखवू नको."

लेकरू कडेवर झोपलेलं. अनुश्रीने बॅग खाली ठेवली.

काल दिवसभर तिकडचा फोन कोणी उचलला नाही. विहंग म्हणतो, झोपली असेल.

म्हणून अनुश्री आता तुमच्याकडे एक मागणं मागते आहे. नवरात्रात डोंगरगढला देवीला जाताच ना तुम्ही? नवरात्राची वाट पाहू नका. रेल्वे क्वार्टरच्या गल्लीत यामिनीचं घर विचारा. आमंत्रण नाही, ओळख नाही, असू द्या. दार वाजवा. उघडलं तर आत जाऊन बसा. नाही उघडलं, तर शेजारपाजार गोळा करा, पण परत फिरू नका.