लाल दोऱ्याची पळी

शुक्रवारी प्रमोदिनीला नोकरीत कायम केलं, तर तिच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या: सुटीतला पगार, म्हातारपणीची पेन्शन आणि लीड्सच्या डॉक्टरीणबाई नणंदेला फोनवर ऐकवायला एक वाक्य. तिच्या लेखी तिसरीचं मोल सर्वांत जास्त.

लंडनमधल्या वेम्बलीत कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, शाळेत ती जेवण वाढायची. हेडकुक मॉरीन एकच चमचा आधी मिन्समध्ये, म्हणजे खिम्यात, बुडवायची, मग वाटाण्यात. नऊ शाकाहारी पोरं ताटाला हात लावत नसत. प्रमोदिनीनं ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून पळी आणली, दांड्याला लाल दोरा बांधला आणि वाटाण्यात ठेवली. पोरं जेवू लागली.

सोमवारी फाटकाशी छान कोटातला एक वार्ताहर. "ही वेगळी पळी म्हणजे कौन्सिलची ऑर्डर का?"

खरं सांगायला हरकत नव्हती. पण शुक्रवार कौन्सिलच्या हातात होता, आणि वरच्यांना मोठेपणा द्यायची आपली जुनी खोड. "सगळी काउन्सिलरसाहेबांचीच आयडिया!" पळी धरून फोटोही दिला.

बुधवारी छापून आलं. 'लूनी लेफ्ट', म्हणजे डोकं फिरलेले डावे, ही शिवी तोवर शेजारच्या कौन्सिलांना बसायची. आता ती आपल्या कौन्सिललाही बसली: 'लूनी लेफ्टचं फर्मान, दर धर्माला वेगळा चमचा, नाहीतर दंड!' दंड कुठून आला, देव जाणे. फोटोत प्रमोदिनीचं तोंड कापलेलं, हिरव्या बांगड्या मात्र स्वच्छ दिसत होत्या.

"अहो, बांगड्या काढून ठेवू?"

"आता काढल्यास तर आंधळाही ओळखेल," नवरा शशी म्हणाला. "साहेबांना श्रेय द्यायचं होतं ना? मिळालं."

गुरुवारी काउन्सिलर थेट किचनमध्ये. प्रमोदिनीनं बाह्या बोटांपर्यंत ओढल्या.

"असा हुकूम मी कधी दिला? कोण बोललं?"

मॉरीननं एकदा बाह्यांकडे पाहिलं. "पेपरवाले काहीही रचतात, सर. चमचा जास्तीचा होता, एवढंच."

"मग काढा तो. उद्यापासून एकच."

शुक्रवारी पत्र आलं: कायम. तिनं लगेच लीड्सला फोन लावला.

"अगंबाई," वन्सं म्हणाल्या, "त्या लूनी लेफ्टवाल्यांकडेच का तू?"

पेपर खपला, साहेब निभावले, शिवी कौन्सिलला कायमची चिकटली. प्रमोदिनीची तीनपैकी दोन वसूल. त्याची किंमत त्या नऊ पोरांनी भरली. त्या शुक्रवारपासून प्रमोदिनी मॉरीनचा चमचा घेऊन समोर उभी राहते, आणि ती पोरं ताट मागे सरकवून नुसता पाव मागतात.