दाराबाहेरचा पंखा

मी पंखा बोलतोय. या जिन्यानं वर येणाऱ्या प्रत्येकाची गुपितं माझ्यापाशी सुरक्षित आहेत. का, तर एक सोडलं तर मला त्यातलं काहीच ठाऊक नाही.

शिक्षण माझं अर्धवट. एका शाळेच्या ऑफिसात होतो, तेही उन्हाळ्यापुरता. हेडसरांचे कागद उडवायचे, ते शिपायावर ओरडायला लागले की मान फिरवून दुसरीकडे बघायचं, हाच माझा अभ्यास. पुढे ती मानच अडकली. मग जुन्या बाजारातून मला मानसोपचाराच्या बाईंनी आणलं आणि खोलीच्या दाराबाहेर ठेवलं. वाऱ्यासाठी नव्हे हो, आवाजासाठी! आत माणूस बोलतो ते बाहेरच्या बाकावर ऐकू जाऊ नये, म्हणून मी घरघरायचं. थंडीतसुद्धा. आत रडू, हसू, काय काय चालतं. माझ्या वाट्याला बंद दार.

पहिल्यांदा येणारा माणूस मी लगेच ओळखतो. बाकाच्या कडेला टेकतो, पिशवी मांडीवर घट्ट धरतो. जणू आत मनाचा एक्स-रेच निघणार! ड्रायव्हरकाका तसेच. जन्मभर बस चालवली. बायको गेली आणि घरात बोलणंच बंद झालं. मुलगी हट्टानं घेऊन आली.

"गोळी देतील?"

"नाही बाबा, बोलायचं असतं."

"बोलायला डॉक्टर कशाला?"

"घरी बोलता का?"

काकांनी पिशवीतून पेपर काढून तोंडासमोर धरला. मी त्यांचा पेपर फडफडवून हसून घेतलं.

पहिल्या दिवशी बाहेर आले ते चिडूनच. "सांगितलं काहीच नाही, उलट मलाच विचारत बसल्या. वर म्हणतात, मध्ये जास्त जड वाटेल, तरी येणं सोडू नका."

पुढे खरंच लाल डोळ्यांनी बाहेर यायचे. एकदा तर बाकावरूनच परत गेले. बाईंनी दार उघडलं, रिकामा बाक पाहिला. रागावल्या नाहीत. काकांची वेळ संपेपर्यंत दार उघडं ठेवून आत बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यात काका आले.

मग एका दुपारी वीज गेली. मी थांबलो, आणि आतून काकांचा आवाज आला, "आमची ही..."

बाकावरची मुलगी ताडकन उठली. पर्स तिथेच टाकून जिना उतरून गेली. मी कुठे जाणार? पण काय ऐकलं ते विचारू नका. आयुष्यात एकच गुपित हाती लागलंय.

काका बाहेर आले, माझी थांबलेली पाती बघून चपापले. मुलगी वर आली.

"ऐकलंस?"

"नाही. खाली होते."

काका बाकावर बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मग आता ऐक. टीव्ही मी अजून बारीक लावतो. तुझ्या आईची दुपारची झोप मोडेल म्हणून. मोठा केला अन् ती ओरडली नाही, तर..."

मुलीनं त्यांचा हात धरला. तेवढ्यात मेली वीज आली आणि मी मध्येच घरघरायला लागलो. इतका ओशाळलो म्हणून सांगू!

काल काकांची शेवटची खेप. "लागलं तर पुन्हा या," बाई म्हणाल्या. काकांच्या नंतर कुणाची वेळ नव्हती, बाक रिकामा. मी अडकलेली मान कटकटवून त्यांना चिडवलं. काय काका, टीव्ही मोठा झाला का?

काका वाकले. माझं बटण बंद केलं.

"दिवसभर नुसती घरघर," ते म्हणाले. "तुझं काय दुखतंय, ते सांग की."