मागच्या बाकावरची घंटा

प्रशिक्षण केंद्राच्या सभागृहात मुलांचे बाक आणून ठेवले होते. शिक्षकांना विद्यार्थ्याच्या जागी बसल्याचा अनुभव मिळावा, हा त्यामागचा शैक्षणिक हेतू. मोठ्यांच्या खुर्च्या दुसऱ्या एका कार्यक्रमाला गेल्या होत्या, हे त्यामागचं कारण. त्यामुळे सामाजिक शास्त्रं शिकवणारी पोक्त मंडळी आठवडाभर गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती.

त्यांना शिकवायला ज्या होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. एक सोडून. ती एक म्हणजे मॅडमची सख्खी आत्या. आत्याची निवृत्ती जवळ आली होती, आवाजाची मात्र नव्हती. मधल्या बाकावरून ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "चिमे, तुझं नाक पुसलंय मी. आता तू मला नागरिकशास्त्र शिकवणार? शिकव बाई, शिकव. दिवसच तसे आलेत."

मॅडमना केंद्रात वर्षभराच्या बोलीवर घेतलं होतं. वर्ष संपत आलं होतं. शेवटच्या दिवशी दुपारी केंद्राचे साहेब त्यांचा तास बघायला बसणार आणि ठेवायचं की शाळेत परत पाठवायचं ते सांगणार होते. शाळेत परत म्हणजे 'लोकशाही म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून द्यायचं, आणि मुलांनी ते चुका करत उतरवायचं. मॅडमनी ते बरीच वर्षं केलं होतं. आता जिवावर आलं होतं.

त्यांची पद्धत साधी होती. तिचं नाव वर्गसभा. वर्गाने आपला अध्यक्ष निवडायचा, बोलायचं असेल त्याने हात वर करायचा, दोन मिनिटं बोलायचं, ठराव मांडला की मतदान झालंच पाहिजे. शिक्षकाने मागच्या बाकावर बसायचं आणि अध्यक्षाने परवानगी दिली तरच तोंड उघडायचं. जवळ एक पितळी घंटा ठेवायची. अगदीच हाताबाहेर गेलं तर ती वाजवायची, की सभा संपली आणि शिक्षक पुन्हा शिक्षक.

पहिल्या दिवशी सोपा विषय घेतला होता: खिडकी उघडी ठेवावी की बंद? एकही हात वर झाला नाही. शिक्षक जन्मभर इतरांना हात वर करायला लावतो. स्वतःवर वेळ आली की त्याचा खांदा धरतो.

शेवटी भूगोलाचे सर उठले. "मॅडम, बरोबर उत्तर कोणतं ते आधी सांगा. म्हणजे सगळे एकदमच हात वर करतो."

"बरोबर उत्तर नाहीये, सर. तुम्हाला वारं हवंय की नको?"

"हवंय तसं. पण पुस्तकात काय दिलंय?"

खिडकी अर्धवट उघडी राहिली. तिची बिजागरी गंजलेली होती, ती तशीच राहायची. मतदान न केल्याचा पहिला फायदा सगळ्यांच्या लक्षात आला.

पण चटक लागायला वेळ लागत नाही. एकदा चहा मधल्या सुट्टीच्या आधी यावा असा ठराव झाला, आणि चहा खरोखरच आधी आला. नोकरीत पहिल्यांदाच आपण काहीतरी म्हटलं आणि ते झालं, या धक्क्याने माणसं बदलली. भूगोलाचे सर तर घरून ठराव तयार करून आणू लागले. आत्या अध्यक्ष झाली. बिनविरोध. तिच्या विरोधात उभं राहायचं तर तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आत्याने मॅडमना जिन्याखाली गाठलं. "साहेब येतायत ना? तू काळजी करू नको. एकेकाला गप्प बसवते."

"आत्या, गप्प नको गं बसवू. बोलायला लावायचं, तोच तर सगळा—"

"कळलं, कळलं. मी काय आज शिकवतेय?"

साहेब आले. मागच्या बाकावर, मॅडमच्या शेजारी, आधी एक पाय आणि मग विचारपूर्वक दुसरा, असे बसले. त्यांचं समारोपाचं भाषण चार वाजता होतं. ते दर वेळी असे. विषय: अध्यापनात विद्यार्थ्यांचा सहभाग. ते दोन तास चाले, आणि वेळेअभावी प्रश्न घेतले जात नसत.

सभा सुरू झाली. भूगोलाच्या सरांचा हात वर गेला. त्यांनी साहेबांना येताना पाहिलं होतं. तरी तो वरच होता.

"अध्यक्ष महोदया, ठराव मांडतो. आजचं समारोपाचं भाषण अर्ध्या तासात आटोपावं आणि उरलेल्या वेळात प्रश्न घ्यावेत."

बाकावर कोणीतरी गुडघा हलवला, तो सगळ्या सभागृहाला ऐकू आला.

"हा विषय आज नाही," आत्या म्हणाली. "सभेची वेळ संपली."

"सभा आत्ताच सुरू झालीय."

"मग सुरू झाल्याबरोबर संपली. खाली बसा."

सर बसले. आत्याने मागे पाहिलं. ती नजर मॅडमच्या ओळखीची होती. घरी कोणाचं लक्ष नसताना आत्या त्यांच्या ताटात मोठा वाटा सरकवायची, तेव्हा अशीच बघायची.

घंटा हाताशी होती. वाजवली असती तर कोणाला काही कळलं नसतं. साहेबांनी 'छान, शिस्तबद्ध' म्हटलं असतं, मॅडम केंद्रात राहिल्या असत्या, आणि ही सगळी मंडळी आपापल्या शाळेत जाऊन वर्गसभा भरवू लागली असती. अडचणीचा ठराव आला की वेळ संपली. पण एवढं करायला त्यांना प्रशिक्षणाची काय गरज होती? ते तर त्यांना इथे येतानाच येत होतं.

मॅडमनी हात वर केला. आत्या छताकडे बघू लागली. मॅडमनी हात आणखी ताणला. आत्याला छतात बरंच काही दिसत असावं.

"अहो अध्यक्ष," साहेब मदतीच्या भावनेने म्हणाले, "मॅडमनी हात वर केलाय."

"बोला," आत्या दात आवळून म्हणाली.

"नियमाप्रमाणे ठराव मांडला गेलाय. मतदान घ्यावं लागेल."

"मॅडम, नीट विचार केलाय?" आत्याच्या तोंडी हा शब्द पहिल्यांदाच आला.

"केलाय."

"घरी जाऊन पुन्हा करायचा नाही ना?"

"नाही, आत्या."

मग साहेबच उठले. "मित्रहो, सहभाग ही संकल्पना आपण व्यापक अर्थाने—"

"हात वर!" आत्या कडाडली. साहेबांसाठी म्हणून नव्हे. मागच्या बाकावरून न विचारता आवाज आला की इतक्या वर्षांच्या नोकरीत तिच्या तोंडून दुसरं काही निघालंच नव्हतं. साहेबांचा हात आपोआप वर गेला. त्यांचंही शालेय शिक्षण झालेलं होतं.

"दोन मिनिटं," आत्या म्हणाली. आता माघार नव्हती.

दोन मिनिटांत साहेबांची प्रस्तावनेची प्रस्तावना झाली. "वेळ संपली, बसा," असं म्हटल्यावर ते बसले. बसताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मध्येच कोणी थांबवू शकतं, ही माहिती त्यांना नवीन होती आणि ते ती तपासून बघत होते.

"ठरावाच्या बाजूने?"

आधी भूगोलाचे सर. मग एक, मग दोन, मग रांगच्या रांग. सगळे हात वर झालेले पाहून साहेबांनीही आपला वर केला. बहुमत दिसलं की हात वर करायचा, या एका सवयीवर ते इथवर आले होते. आपण कशाच्या बाजूने हात वर केलाय हे लक्षात येईपर्यंत आत्याने मोजणी संपवली होती.

"ठराव एकमताने मंजूर. साहेबांचे विशेष आभार."

भाषण अर्ध्या तासात झालं. प्रश्न मात्र अंधारून येईपर्यंत चालले. साहेब उत्तरं देत गेले. काहींची त्यांना येत होती.

नंतर व्हरांड्यात त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी मनातल्या मनात शाळेचा फळा पुसून ठेवला.

"तुम्ही इथेच राहा," साहेब म्हणाले. "तुमच्या तासाला कोणी झोपलं नाही. माझ्याही नाही. हे इथे पहिल्यांदा घडलं. फक्त हा प्रयोग शेवटच्या दिवशी नको. पहिल्या दिवशी घेत चला."

"का, साहेब?"

"पहिल्या दिवशी मी नसतो."

आत्या फाटकाशी थांबली होती. राहिलीस ना, असं तिने विचारलं नाही. भाचीचा चेहरा वाचायला तिला चष्मा लागत नसे.

"घंटा तुझ्या हाताशी होती," ती चालता चालता म्हणाली. "वाजवायची होतीस की. मी एवढी सोय करून दिली होती."

"म्हणूनच नाही वाजवली."

"तुझा बापही असाच हट्टी." थोडं पुढे जाऊन आत्या म्हणाली, "माझ्या वर्गातली कार्टी सभेत काय ठराव करतील माहितीय? पहिला माझ्याच आवाजाबद्दल करतील."

"करू देत."

"आणि मी मागे गप्प बसायचं?"

"सभा संपेपर्यंत."

"मरेन मी." आत्या कोपऱ्यावर थांबली. मग म्हणाली, "ती घंटा जवळ ठेवलेली चालते ना गं?"

"चालते."

"मग सोमवारी नेते ती. न वाजवता किती वेळ बसवतं ते बघते."