सहावी डबी

पंचाण्णव सालच्या मे महिन्यात, एका गुरुवारी संध्याकाळी, रोह्याच्या कॉलेजमागचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळाला आणि तिथं प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरूचा जीव टांगणीला लागला. वायरमन आला, त्यानं मान वर करून पाहिलं आणि सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत लाइट विसरा, मॅडम." त्याच्यापुरता प्रश्न मिटला.

सरूला वीज पंख्यासाठी नको होती. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक थंड कपाट होतं, मुंबईच्या एका संस्थेनं जुनं झालं म्हणून कॉलेजला दिलेलं. त्यात सोळा अंशांवर सहा काचेच्या डब्या होत्या आणि डब्यांत तिचे सूत्रकृमी. मिलिमीटरभर लांब, काचेसारखे आरपार दिसणारे, मातीत राहणारे. मिठागरवाल्या हिरामणची पोर एवढी शिकली आणि शेवटी जंत पाळत बसली, असं गावात लोक म्हणायचे. लोकांना काय, बसल्या जागी बोलायला पैसे पडत नाहीत.

पण हे कृमी साधे नव्हते. हजारो डब्या धुंडाळून दोन वर्षांनी सरूला ते सापडले होते. शेवटच्या खेपेतल्या सत्तेचाळीस नंबरच्या डबीत सापडले म्हणून त्यांचं नावच सत्तेचाळीस पडलं. सोळा अंशांवर ते सुखानं नांदत, अंडी घालत, त्यांना पोरं होत. पंचवीस अंशांवर मात्र आई ठणठणीत राही, अंडीही घाली, पण अंड्यातला जीव एकाचे दोन, दोनाचे चार होई आणि तिथंच थांबे. पुढं काही नाही. दोष अंड्याचा नव्हता. अंडं आईच्या पोटात पिकत असताना आई त्याला पहिल्या प्रवासाची शिदोरी बांधून देते. सत्तेचाळीसच्या एका जनुकात अशी खोट होती, की उन्हाळा झाला की ती शिदोरीच बांधली जात नसे. त्या शिदोरीत नेमकं काय असतं, हे सरूला शोधायचं होतं. हे कृमी जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. अगदी कुठेही.

आणि इथं सरूची चूक होती. तिच्या मुंबईच्या मार्गदर्शक अनसूयाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नवा वाण सापडला की आधी त्यातले थोडे माझ्याकडे आणून गोठवायचे. नीट औषधात, हळूहळू गोठवले तर वर्षानुवर्षं टिकतात. मग बाकीचे खेळ." सरूनं मान डोलावली आणि चार महिने खेळच केले. अंड्याचे दोनाचे चार होताना बघायचा नादच तसा होता. पुढच्या महिन्यात जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करता करता ट्रान्सफॉर्मर जळाला.

तिनं एसटीडी बूथवरून बाईंना फोन लावला. बाईंची संस्था सुट्टीमुळं बंद होती, तिथलं थंड कपाट सोमवारी सकाळी उघडणार होतं. "तोवर कसेही सोळाला ठेव," बाई म्हणाल्या. "आणि सरू, गोठवलेले आहेत ना?" सरूनं फोन कट झाल्यासारखा ठेवून दिला.

रात्रभर तिनं डब्यांना ओल्या पंच्यानं वारा घातला. शुक्रवारी पहाटेच्या पॅसेंजरनं ती पेणला निघाली, कारण पेणला बर्फाचा कारखाना होता आणि खाडीकडं बापाचं घर होतं. मांडीवर थर्माकोलची पेटी. कासूला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोलबी काय गो?" ती "व्हय" म्हणाली. खरं सांगत बसली असती तर गाडी पेण सोडून दिवा जंक्शनला पोचली असती.

वाटेत बर्फ घेऊन घरी आल्यावर तिनं पेटी नीट लावली. तळाला बर्फ, वर भाताच्या तुसाचा जाड थर, त्यावर सहा डब्या आणि त्यांच्यात खोचलेला थर्मामीटर. तुसाचा थर कमीजास्त करून तासाभरानं पारा सोळावर आणला. हिरामण दारात उकिडवा बसून सगळं बघत होता. चाळीस वर्षं मिठागरात काढलेला माणूस. पायांची कातडी मिठानं खाल्लेली.

"सगला बियाना एकाच पेटीत, बाय?" त्यानं विचारलं.

"मग काय गावभर वाटू, आबा?" सरू फणकारली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

ती विहिरीवर अंघोळ करून आली तेव्हा तो पुन्हा दारातच होता. तिला आता उभं राहवत नव्हतं. मिटत्या डोळ्यांनीच तिनं थर्मामीटरवर सोळाच्या जराशी वर लाल शाईची रेघ ओढली, कारण बापाला आकडे वाचता येत नव्हते. "आबा, दर थोड्या वेळानं झाकण उचलून बघ. पारा ह्या रेघेच्या वर जायला लागला की मला उठव. वर नाही गेला पाहिजे. काय?"

"नाय जाऊ देत," हिरामण म्हणाला. सरू चटईवर पडली ती मेल्यासारखी झोपली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. घर शांत. हिरामण पेटीशेजारी बसून विडी ओढत होता, चेहऱ्यावर समाधान. सरूनं झाकण उचललं.

पारा शून्याच्या आठ अंश खाली होता.

क्षणभर तिला कळेचना. मग तिनं बोटानं तूस बाजूला केला. खाली बर्फावर जाडेभरडे पांढरे खडे पसरलेले होते. तिनं एक खडा जिभेला लावला. मीठ.

"पारा वर चराया लागला ना गो," हिरामण म्हणाला. "तू झोपलेली. उठवायचा जीव नाय झाला. मंग मीठ टाकला दोन पायल्या. मासलीच्या पेटीला आमी टाकतोच. बघ कसा खाली गेला, रेघेच्या पार खाली."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा. पेणच्या माणसानं तरी गणपती नीट करावा! पण खरं सांगायचं तर पाऱ्यानं वर जाऊ नये एवढंच सरूनं सांगितलं होतं. खाली किती जाऊ नये, हे तिनं सांगितलंच नव्हतं. बर्फात मीठ पडलं की गारवा कुठवर उतरतो, हे हिरामणाइतकं पेण तालुक्यात कोणाला ठाऊक नसेल, आणि तेच ज्ञान त्यानं लेकीसाठी ओतलं होतं.

सरूनं पहिली डबी काढली. आतला, कृमी ज्यावर वाढतात तो जेलीचा थर दगडासारखा टणक, त्यावर बारीक बर्फाची नक्षी. तिनं ती दोन्ही तळव्यांत धरली, तोंडाची वाफ दिली, जेली सुटेपर्यंत थांबली, मग भिंग लावलं. कृमी होते, सरळ, ताठ, सुईनं ओढलेल्या रेघांसारखे. जिवंत कृमी नागमोडी चालतो, कधी स्वस्थ बसत नाही. एकही हलत नव्हता. दुसरी डबी. तिसरी. तिसरीत काहीतरी हललं असं वाटून ती आणखी खाली वाकली, पण ते वितळणारं पाणी होतं.

"काय झाला, बाय?" हिरामण उठून जवळ आला.

"मेले. सगळे मेले." तिचा आवाज चिरकला. "तुला कोणी सांगितलं होतं मीठ टाकायला? उठवता नाही आलं? अडाणी तो अडाणीच राहिलास!"

हिरामणाची विडी हातातच विझली. त्यानं खांद्यावरचा पंचा झटकला आणि बांधाच्या वाटेनं मिठागराकडं चालायला लागला.

मागच्या दारातून सरूची आई ठमाबाई ओले हात पुसत आली. सगळं तिनं ऐकलं होतं. "बापाशी असा बोलतात, गो?" एवढंच म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली. सरूला रडू फुटलं. कृमींसाठी किती आणि त्या शब्दासाठी किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

रडतरडतच तिनं चौथी डबी बघितली, मग पाचवी. सवयीनं त्या एकावर एक रचल्या. पाच. तिनं पेटीत हात घातला, तूस उपसला, मिठाच्या चिखलात बोटं फिरवली. पाचच.

"आये! इथं सहा डब्या होत्या!"

"तुज्या बापाला इचार," ठमाबाई आतून म्हणाली. "तू विहिरीवर गेलेली तवा पंच्यात काय तरी बांधून नेलान त्यानं."

सरू अनवाणीच धावली. बांधाची माती तापलेली, दोन्ही बाजूंना मिठाच्या कोंडींत, त्या उथळ वाफ्यांत, साठलेल्या पाण्याची चमक डोळ्यांत घुसत होती. बाहेर पस्तीस अंश असतील. एवढ्या उन्हात डबी पडली असेल तर आतल्या आया एक तर भाजून गेल्या असतील, नाही तर कायमच्या वांझ झाल्या असतील. आणि तिनं ज्याला अडाणी म्हटलं होतं, त्याच्याच पुढं जाऊन हात पसरायचे होते.

हिरामण मिठागराच्या झोपडीत पाठमोरा बसला होता.

"आबा, सहावी डबी?"

त्यानं वळून पाहिलं नाही. हात लांब करून पाण्याच्या माठाखालची ओली वाळू उकरली आणि पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलेली डबी वर काढली. गारढोण नव्हती, पण हाताला थंड लागत होती.

"बियाना एका कणगीत ठेवायचा नसतो," तो वाळूकडं बघत म्हणाला. "माज्या आज्यानं सांगलेला. एका घराला आग लागली तं दुसऱ्या घरात रावतो. म्हनून एक आनून ठेवली हितं. तुला इचारला तं तू खेकसलीस."

सरूनं झोपडीच्या दाराशी बसून भिंग लावलं. एक नागमोडी रेघ जेलीवरून सरकत होती. मग दुसरी. ती भिंग डोळ्यावरून काढेचना. अनसूयाबाईंनी सांगितलेला पहिला नियम, जो तिनं, एम. एस्सी. झालेल्या बाईनं, चार महिने पाळला नव्हता, तो ह्या माणसानं एका सकाळीत पाळला होता.

"आबा, मी तुला नको ते बोलले," ती म्हणाली. "अडाणी मीच."

हिरामणानं पंचा खांद्यावर टाकला. "बरफ लागल ना आता? बिनमिठाचा?" आणि सायकल काढून पेणला गेला.

पण जीव भांड्यात पडायला अजून अवकाश होता. माठाखालची वाळू सत्तावीस अंशांची भरली होती. एवढ्या तासांत घातलेली अंडी फुकट जाणार, हे सरूला ठाऊक होतं. पोटात अर्धीमुर्धी पिकलेली अंडीही जाणार. आशा होती ती त्यांच्या मागून येणाऱ्यांची. आईला थंडावा मिळाला तर ती पुन्हा शिदोरी बांधेल. बांधेल का? तिनं चुलीत तार लाल करून गार केली आणि तिच्या टोकानं एकेक आई उचलली. अकरा निघाल्या. सोबत आणलेल्या दोन कोऱ्या डब्यांत तिनं त्या वाटल्या, एकीत सहा, दुसरीत पाच. मग बर्फ, तूस, सोळा अंश.

शनिवारी अंडी दिसली. भिंगातून नुसते ठिपके; आत चाराचे आठ होतायत की चारावरच अडलंय, हे कळायला मार्ग नव्हता. शनिवारी दिवसभर एकही ठिपका फुटला नाही. हिरामण आणि ती आळीपाळीनं पेटीशी बसले. ह्या खेपेला तिनं थर्मामीटरवर दोन रेघा ओढल्या होत्या, एक वर आणि एक खाली. रविवारी सकाळीही काही नाही. ठमाबाईनं वाढलेली तांदळाची भाकरी तशीच ताटात सुकली.

रविवारी दुपारी सरूनं भिंग लावलं आणि नुसतीच बसून राहिली.

"काय गो?" हिरामणानं घाबरून विचारलं.

तिनं भिंग त्याच्या हातात दिलं. त्यानं एक डोळा मिटला, बराच वेळ शोधलं. ठिपक्यांच्या बाजूला केसाच्या तुकड्याएवढं काहीतरी वळवळत होतं. मग त्याला तसलंच दुसरं दिसलं.

"पोरा हायेत," तो हळूच म्हणाला, मोठ्यानं बोललं तर ती घाबरतील अशा बेतानं.

सोमवारी पहाटे सरूनं एक डबी लहान डब्यात बर्फ आणि तुसावर घेतली. संस्थेत पोचल्यावर पहिलं काम गोठवण्याचं, हे तिनं आईच्या गळ्याची शपथ घेऊन ठरवलं होतं. पॅसेंजरची वेळ झाली होती. दुसरी डबी तिनं पेटीतच राहू दिली आणि पेटी बापापुढं सरकवली.

"ही इथं तुझ्याकडं ठेवते, आबा. मी परत येईपर्यंत."

हिरामणानं हात लुंगीला पुसले, दोनदा, आणि पेटी अंगाशी ओढून घेतली.

"मीठ नाय टाकीत," तो म्हणाला.