ज्यानं रंगवलं, त्याच्याच विरुद्ध

हे मी सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडली. ज्याच्याबद्दल सांगायचंय तो माझा दोस्त. जीभच रेटत नव्हती. शिवाय खरं सांगू मित्रांनो, दमलोय मी.

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. राखीव जंगलाच्या फाटकापाशी उभा असतो. आधी मी डांबराचं पिंप होतो. गार्डसाहेबांनी मला फोडून, ठोकून सपाट केलं आणि त्यांच्या मेहुण्यानं, रंग्यानं, रंगवलं. पिवळ्यावर काळं: 'जंगलात मुद्दाम आग लावणे गुन्हा आहे. तुरुंगवास व दंड होईल.' रंग्याचा 'ग' कायम वाकडा, म्हाताऱ्याच्या काठीसारखा.

दर उन्हाळ्यात तो मला पुसायचा, अक्षरं गिरवायचा.

"दाजी, एवढं गिरवतोय, पण वाचतंय कोण?"

"तू वाचतोस ना? बास झालं."

रंग्याचं खरं काम आगीच्या पहाऱ्याचं. चार महिने टेकडीवर बसायचं, धूर दिसला की शिट्टी. दोन वर्षं एकही आग लागली नाही. शाबासकी मिळायला हवी होती, आला हुकूम. आगी लागत नाहीत तर पाच पहारेकरी कशाला, तीन पुरे. रंग्या सगळ्यात नवा, म्हणजे पहिली गदा त्याच्यावर.

मग एका दुपारी त्यानं माझ्यासमोरच सुकं गवत पेटवलं. एवढंसंच. शिट्टी मारायची, आपणच विझवायचं, पहारा लागतो हे साहेबांना दाखवायचं. झोडपायला हिरवी फांदीसुद्धा तोडून ठेवली होती. वारा फिरला. टेकडी तीन दिवस जळली. माझ्या अंगावर रंगाचे फोड आले. नंतर कितीतरी दिवस एक पाखरू माझ्यावर बसलं नाही.

रंग्या पकडला गेला. कोर्टात त्याचा वकील म्हणाला, "माझ्या अशिलाला हा गुन्हा आहे हेच ठाऊक नव्हतं. शिक्षा कमी करा." तेव्हा मला पुरावा म्हणून न्यायचं ठरलं. टेम्पोत चढवताना गार्डसाहेब माझ्याशीच पुटपुटले, "बायकोनं शपथ घातलीय. माझ्या भावाला वाचवा म्हणते."

न्यायाधीशांनी विचारलं, "ही अक्षरं कुणाची?"

गार्डसाहेबांनी पाणी मागितलं. पेला रिकामा केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्या मेहुण्याची. दरवर्षी तोच रंगवतो."

दोन वर्षं तुरुंग, वर दंड. शब्द माझे, हात त्याचा. मला परत आणून फाटकापाशी उभं केलं. घरी रंग्याच्या बहिणीनं नवऱ्याशी अबोला धरला. गार्डसाहेब स्वतः केलेला करपलेला डबा माझ्या खांबाला टेकून खायचे.

परवा रंग्या सुटून आला. वाळलाय. नोकरी नाही, मिळणारही नाही. हातात डबा होता.

"ताईनं दिलाय. तुमच्यासाठी."

गार्डसाहेबांनी डबा उघडला, एक घास घेतला. मग रंगाचा डबा पुढे सरकवला.

"दाजी, खाली लिहू का? पहारेकऱ्यालाही सोडत नाहीत म्हणून?"

"गप. जागा नाही तेवढी."

रंग्यानं माझे फोड खरवडले. हळूच म्हणाला, "दोस्ता, नीट दिसत जा रे. माझ्यासारखा शहाणा अजून एखादा येईल."

मित्रांनो, फलक दिसला की दोन ओळी वाचायला थांबत जा. एवढंच मागणं आहे.

आणि रंग्या, तुला वचन. कुणी काडी घेऊन समोर आला तर मला ओरडता येणार नाही. पण अंगावर एक अक्षर उरलं असेल तोवर मी इथून हलणार नाही. तुझा वाकडा 'ग' त्याला दिसेलच.