सारखा वाटा

आबांनी हंसाला पाटल्या दिल्या, मला नुसत्या बांगड्या. ती माझी धाकटी बहीण, लाडकी. तिच्यासाठी नोकरदार नवरा शोधला आणि मला पाम गावात वाडीत खपायला दिलं. हे मी विसरलेली नाही. आता तिच्या पोराला तारापूरच्या वीजकेंद्रात वायरमनची नोकरी लागली, माझ्या दिनानाथला नाही. दोघं बरोबरच गेले होते. लेखी परीक्षेत माझा पुढे होता. पण डोळे तपासताना रंगीत ठिपक्यांतला आकडा त्याला दिसला नाही. त्याला लाल-हिरवं कळत नाही म्हणे.

मी नवऱ्याला धारेवर धरलं. "खाण तशी माती. तुमच्याच घराण्याची खोट हाय ही." धर्माजी उठून वाडीत कामाला गेले. ते कधीच उलटून बोलत नाहीत, त्याचाही मला राग येतो.

पालघरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र भलतंच विचारलं. "बाई, तुमच्या वडिलांना रंग कळायचे का?"

आबा लाल मिरच्या खुडायला बसले की हिरव्याही टोपलीत टाकायचे. आई म्हणायची, कामात लक्ष नाही. मी ते सांगितलं तसे डॉक्टर हसले.

"हा दोष मुलाला बापाकडून येत नाही, आईकडून येतो. तुमच्या वडिलांनी तो आपल्या सगळ्या मुलींना दिला. मुलीला आईकडून दुसरा चांगला अंश मिळतो, म्हणून तुम्हाला स्वतःला नीट दिसतं. त्या दोहोंतला कुठला मुलाकडे जाईल, ते आपल्या हातात नाही."

सगळ्या मुलींना. म्हणजे हंसालाही. आबांनी जन्मात एकच गोष्ट आम्हा दोघींना सारखी वाटून दिली, आणि त्यातही तिचंच नशीब जोरावर. एसटीत बसले होते, पण जीव नुसता जळत होता.

दुसऱ्या दिवशी हंसा पेढे घेऊन आली. मी पेढा हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं, एकही शब्द मऊ न करता. "तुझा सुटला, इतकंच. खोट तुझ्यातबी हाय. तुझ्या पारूतबी असंल."

पारू, तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हंसाचा चेहरा उतरला. "मंग तिच्या पोराला?"

"मुलगा झाला तर भ्या हाय. मुलगी झाली तर तिच्या डोल्यांना काय होनार नाय."

त्यांच्या घरात सगळे मुलाचीच वाट बघत होते. हंसा तर शितलादेवीला नवस बोलली होती. मला तिची दया आली, खरंच आली, आणि मी म्हणाले, "मुलगीच होऊ दे तिला, हंसा."

तशी ती उठली. "येवढी जलतेस माझ्यावर, ताय?"

हा शाप नव्हे, भल्यासाठीच म्हणाले, असं मला सांगायचं होतं. पण तिच्याकडे बघता बघता ते माझं मलाच खरं वाटेना.